मागाच्या खोलीतले दहा मीटर

1 ऑगस्ट 2024 ला बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या मशीन शॉपमध्ये जेवणाची सुट्टी संपलीच नाही. कुणी डबा झाकला नाही, मशीनं बंदच राहिली, आणि सुपरवायझर ओरडला नाही कारण तोही मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होता. स्वप्नील कुसाळेची पॅरिस ऑलिंपिकमधली नेमबाजीची फायनल चालू होती. कांबळवाडीचा, राधानगरी तालुक्यातला पोरगा. आमच्यातल्या निम्म्यांची पाहुणेमंडळी त्याच भागात. 451.4 गुणांवर कांस्य लागलं आणि आम्ही दीड तास उशिरा कामाला लागलो.

मी क्वालिटीत आहे. दिवसभर मायक्रोमीटर आणि बोअर गेज. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून माणसांशी भांडायचं, हा माझा पगार. त्यामुळे हा खेळ आपल्यासाठीच आहे असं त्या दुपारी मला वाटलं. कुसाळे खेळतो ती पन्नास मीटरची .22 रायफल, तिला लायसन्स लागतं. पण बहुतेकांची सुरुवात छऱ्याच्या बंदुकीनं, दहा मीटरवर होते, एवढं कळलं आणि मी रात्री जेवणानंतर बंदुका बघत बसायला लागलो.

इथं पहिली चूक झाली. मी जोर बघत होतो. 'सेकंदाला हजार फूट' असं लिहिलेली बंदूक दिसली की डोळे चमकायचे. हा आकडा हलक्या मिश्रधातूचा छर्रा घालून काढलेला असतो आणि साधा शिशाचा छर्रा घातला की वेग बराच उतरतो, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं? त्यातच शॉपमधल्या एकानं एअरबोचा व्हिडिओ दाखवला. बेंजामिन पायोनियर, अमेरिकन. बाण नळीत घालायचा नाही. पोकळ बाण पेनाच्या टोपणासारखा नळीवर चढवायचा आणि आतून दाबाची हवा सोडायची. मी तर दोन दिवस वेडाच झालो. तिसऱ्या दिवशी लंचमध्ये कागदावर हिशेब मांडला. बाण साधारण 24 ग्रॅमचा, वेग सेकंदाला सुमारे 137 मीटर. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. उत्तर आलं सव्वादोनशे जूल.

आणि आपल्याकडं रेघ आहे 20 जूलवर. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे बिनलायसन्सच्या एअरगनला दोन अटी आहेत. नळीचं भोक 0.177 इंचापेक्षा, म्हणजे 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठं नको आणि ऊर्जा 20 जूलच्या वर नको. 5.5 ची घेतलीत तर जोर कितीही कमी असो, लायसन्स आलंच. एअरबोचा कागद चुरगळून स्क्रॅपच्या डब्यात टाकला.

बंदूक बेळगावातच घेतली, शस्त्रांच्या परवानाधारक दुकानातून. आधार, फोटो, रजिस्टरमध्ये सही. बिलावर सिरियल नंबर आणि कॅलिबर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप, लिहून मागून घेतलं. हे मागून घ्या, पुढं उपयोगी पडतं. घेतली ती देशी बनावटीची स्प्रिंगर. नळी बिजागरीवर मोडून आतली स्प्रिंग दाबायची, छर्रा बसवायचा, नळी सरळ करायची. दुकानदार म्हणाला, "साहेब, दहा मीटरसाठी एवढी नको, साधी घ्या." मी ऐकलं नाही. वर चार पटीनं झूम होणारी दुर्बीणही घेतली.

पहिल्या आठवड्यात जे जे करू नये ते सगळं केलं. छर्रा न घालता घोडा ओढून बघितला. तसं केलं की पिस्टनसमोर अडायला काही नसतं आणि तो पुढं जाऊन थाडकन आपटतो. नळीत शिवणयंत्राचं तेल सोडलं. पुढचे चार बार फटाक्यासारखे वाजले, धूर आला, आईनं देवघरातून हाक मारली. दाबानं तापलेल्या हवेत तेल पेटतं, डिझेल इंजिनात पेटतं तसंच. तिसऱ्या आठवड्यात दुर्बिणीतली फुली तिरकी झाली. स्प्रिंगर आधी मागं आणि मग झटक्यानं पुढं असा दुहेरी धक्का मारते, आणि साध्या दुर्बिणी पुढच्या धक्क्यासाठी केलेल्याच नसतात.

आणि नेम? दहा मीटरवर दहा छरे आमटीच्या वाटीत मावतील एवढे पसरायचे. मी बंदूक घट्ट आवळून धरत होतो. जितकी घट्ट, तितकी ती उसळताना वाट्टेल तिकडं जायची.

शेवटी ऑक्टोबरच्या अखेरीला एका ओळखीनं कोल्हापूरच्या रेंजवर जायचं ठरलं. तिथल्या सरांना बंदूक दाखवायची होती. तिकडं विधानसभेची आचारसंहिता. सीमेवरच्या नाक्यावर गाडी थांबली, पोलीस आत आले, माझी लांबडी बॅग बघितली. "काय आहे हो यात?" मी आधी बिल काढलं, मग बॅग उघडली. हा क्रम महत्त्वाचा. छरे वेगळ्या पिशवीत, नळी रिकामी आणि मोडून ठेवलेली. खोक्यातल्या पत्रकावर जूलचा आकडा होता, त्याखाली मी लाल पेनानं रेघ मारून नेली होती. पाच मिनिटांत सोडलं. संध्याकाळी परतताना अलीकडच्या बाजूला तेच, फक्त भाषा बदलली. "इदराग एनैत्री?" म्हटलं, छऱ्याची आहे, लायसन्स बेकागंगिल री, म्हणजे लागत नाही. पुन्हा बिल, पुन्हा लाल रेघ. तेव्हापासून बॅगेत बिलाच्या चार झेरॉक्स असतात. एक नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि मराठी माणसांचा काळा दिवस, त्याच्या आसपास मात्र ती बॅग घेऊन मी घराबाहेर पडत नाही. बेळगावात राहणाऱ्याला त्याचं कारण सांगायला नको.

सरांनी बंदूक हातात घेतली, ट्रिगर ओढून बघितला आणि विचारलं, "किलोत किती भरतो हा?" मला प्रश्नच कळला नाही. घरी येऊन पोती मोजायचा स्प्रिंगकाटा ट्रिगरला अडकवला आणि हळूहळू ओढला. सव्वादोन किलोला बार सुटला. स्पर्धेच्या रायफलचा ट्रिगर शंभरेक ग्रॅमचा असतो. चार किलोची बंदूक खांद्याला लावून बोटानं सव्वादोन किलो ओढायचं आणि नळी हलू द्यायची नाही! अशा फिक्स्चरवर, म्हणजे जॉब धरायच्या पकडीवर, मी शॉपमध्ये एक जॉब पास केला नसता.

सरांनी दोन गोष्टी सांगितल्या. ही बंदूक विकू नका, पण तिला तळहातावर नुसती ठेवा, आवळू नका, तिला उसळायची तशी उसळू द्या. आणि दुर्बीण काढून मागं पीप साइट लावा, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायची चकती. ते केलं आणि पंधरा दिवसांत वाटीचं झाकण झालं, मीठ ठेवायच्या डबीचं.

मग जागेचा प्रश्न. आमचं घर शहापुरात, विणकरांच्या गल्लीत. मागं मागाची खोली. चार माग होते, लॉकडाऊननंतर भंगारात गेले. खोली रिकामी, साडेअडतीस फूट लांब. म्हणजे अकरा मीटर त्र्याहत्तर सेंटिमीटर. मागं उभं राहायला सव्वा मीटर, पुढं छरे अडवायच्या पेटीला अठ्ठेचाळीस सेंटिमीटर, मधे दहा मीटर बरोब्बर. टेप लावली तेव्हा मला खरंच हसू आलं. आजोबांनी कशाला बांधली आणि कशाला उपयोगी पडली.

पेटी आमच्याच शॉपमध्ये वाकवून घेतली. 3 मिलिमीटरची लोखंडी प्लेट, वरून पुढं झुकलेली 45 अंशांत, म्हणजे छर्रा आपटून खाली वाळूच्या ट्रेमध्ये पडतो, अंगावर येत नाही. तरी चष्मा लावतोच. लोखंडी गोळ्या, ज्यांना बीबी म्हणतात, त्या इथं कधीच नाहीत, त्या उलट फिरतात. कार्डाचा मध्य जमिनीपासून 1.40 मीटरवर. वर एक एलईडी फ्लड. परड्याकडच्या दाराला आतून कडी, आणि कडी लागली नसेल तर छऱ्याच्या डबीला हात लावायचा नाही, हा घरातला कायदा. नेमबाजी झाली की साबणानं हात, मगच चहा. छरे शिशाचे आहेत.

दहा मीटरचं कार्ड कधी हातात घेऊन बघा. दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा आहे. छर्रा त्याच्या नऊपट रुंद, म्हणून नुसता कडेनं शिवला तरी दहा मिळतात. म्हणजे भोकाचा मध्य ठिपक्याच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरपर्यंत चालतो. पुढचं प्रत्येक कडं आणखी अडीच मिलिमीटर. आता दोन साइटमधलं अंतर समजा 70 सेंटिमीटर. पुढची साइट डोळ्यासमोर 0.1 मिलिमीटर सरकली, तर कार्डावर जवळजवळ दीड मिलिमीटरचा फरक पडतो. केसाची जाडी त्याच्या आसपासच. हा हिशेब केल्यावर मी श्वास सोडून थांबायचं शिकलो. सरांनी तोंडानं सांगितलेलं मला पटत नव्हतं.

2025 च्या फेब्रुवारीत दोन्ही राज्यांच्या बसगाड्या बंद पडल्या आणि कोल्हापूरचा सराव थांबला. सीमाभागातला कुठलाही छंद बसच्या वेळापत्रकावर आणि राजकारणावर चालतो, नेमबाजी काही वेगळी नाही. त्या मोकळ्या आठवड्यांत मी बचत मोजली आणि दुसरी बंदूक घ्यायचं ठरवलं. या वेळी कमी जोराची.

हे कळायला मला सहा महिने लागले. स्पर्धेची रायफल छर्रा फेकते सेकंदाला सुमारे 170 मीटरनं. अर्ध्या ग्रॅमच्या छऱ्याला सात-आठ जूल. माझ्या पहिल्या बंदुकीपेक्षा कितीतरी कमी. कागदाला भोक पाडायला तेवढं रग्गड. नव्या जर्मन रायफली, फाइनवर्कबाऊ किंवा वाल्थर, लाखांच्या घरातल्या, त्यांचा विचारच केला नाही. देशी पीसीपी घेतली, 4.5 चीच, दाबाच्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी. एक जुनी परदेशी रायफल स्वस्तात मिळत होती, पण सिलिंडरवर ठोकलेली तारीख बघितली तर दहा वर्षं उलटलेली. 200 बारचा दाब गालाशेजारी घेऊन उभं राहायचं, तिथं काटकसर नको.

पीसीपीला धक्का जवळपास नाही. पहिला बार मारला तेव्हा मला वाटलं बंदूक बिघडली. पण पंप! हातपंपानं दाब 120 वरून 200 बारला न्यायचा म्हणजे वीस-पंचवीस दमांनी थांबायचं, पंप तापतो, पुन्हा सुरू करायचं. त्यात बेळगावचा पावसाळा. जूनपासून हवा अशी ओली की पंपाबरोबर पाणी आत जातं आणि आतून गंज धरतो. पंप हवा ओढतो त्या तोंडाला ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची नळी लावली आहे, दाणे निळ्याचे गुलाबी झाले की तव्यावर परतायचे. खालचं ओ-रिंग, हवा अडवणारं रबरी कडं, गेलं तेव्हा हायड्रॉलिक सीलच्या दुकानात तोच साइज मिळाला. ग्रीस मात्र सिलिकॉनचंच लावा. साधं तेल दाबात पेटतं, त्याचे फटाके मी एकदा ऐकलेत.

छऱ्यांच्या बाबतीत मी जरा अतिरेक केला, कबूल करतो. सपाट तोंडाचे घ्यायचे, ते कागद पंचसारखा कापतात, भोक गोल येतं, मोजायला वाद नाही. डबीवर तोंडाचा व्यास लिहिलेला असतो, 4.49, 4.50 असा. मी एका स्वस्त डबीतले पन्नास छरे मायक्रोमीटरला लावले. शिसं इतकं मऊ की रॅचेट एक टिकटिक जास्त फिरली तरी छर्रा चपटतो आणि माप खोटं. म्हणून गल्लीतल्या सराफाच्या काट्यावर वजनं केली. तो म्हणाला, "हे काय सोनं आहे काय वो?" 0.49 पासून 0.55 ग्रॅमपर्यंत होते. महागड्या डबीत फरक जवळजवळ दिसतच नव्हता. तेव्हापासून सरावाला स्वस्त, मोजायच्या दिवशी महाग.

खानापूर तालुक्यातला मामा दर महिन्याला फोन करतो. "अरे, ती तुझी बंदूक घेऊन ये की. माकडं मक्याचा नाश कराल्यात." मी सांगतो, मामा, वन्यजीव कायदा आहे, आत जाईन मी. तिकडं भीमगडचं अभयारण्य, वनखात्याची गाडी कधीही फिरते. एकदा तो चिडून म्हणाला, "मग काय कागद मारायला एवढं पैसं घातलास?" व्हय, म्हटलं.

नेमबाजांचं जाड जॅकेट अजून घेतलेलं नाही. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवून उभा राहतो, साठ बारांनंतर पाठ बोलते. आई दारात सूप घेऊन बसते, कडीच्या पलीकडं. तीस वर्षं मागावर काढलेली बाई. नुसत्या आवाजावरून म्हणते, "हा गेला." कार्ड ओढून बघावं तर सात. विचारलं, तुला कसं कळतं? म्हणाली, "दम धरलास तर येगळं वाजतंय."

परवाच्या रविवारी साठ बारांत सहाशेपैकी 538 आले. शेवटच्या दहात दोन आठ. रात्री गेजवर दाब 190 बार होता, तो सकाळी 180 झाला होता, म्हणजे ओ-रिंग पुन्हा ढिलं. सोमवारी शॉप सुटल्यावर सीलच्या दुकानात जायचंय, या वेळी दोन घेऊन ठेवतो.