काढतानाची पंधरा मिनिटं

पीपीई घालायचं कसं, हे आम्हाला दोनदा शिकवलं. काढायचं कसं, त्याचा एक तक्ता भिंतीवर चिकटवला होता.

2020 च्या ऑगस्टमध्ये लातूरच्या एका कोविड आयसीयूत माझी ड्यूटी लागली. सहा तासांची पाळी, तेवढ्या वेळात पाणी नाही की बाथरूम नाही. एन-95 चढवला की नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाबायची आणि जोरात श्वास सोडून कडेनं हवा निसटते का बघायचं. आमच्या एका ब्रदरचा मास्क काही केल्या बसेना. त्यांनी त्याच दिवशी दाढी उतरवली.

आत सगळ्यांत भीती वाटायची ती पेशंटच्या घशात नळी घालताना. चेहरा चेहऱ्याजवळ जातो, पेशंट खोकला की सगळं हवेत. म्हणून तेव्हा खोलीत मोजकीच माणसं, सगळ्यांत सराईत डॉक्टरांच्याच हातात नळी, व्हेंटिलेटरच्या सर्किटला, म्हणजे हवा नेणाऱ्या नळ्यांना, फिल्टर, आणि सर्किट सोडवायचंच झालं तर आधी घशातल्या नळीला क्लॅम्प, म्हणजे चिमटा. यात आम्ही कधी कसूर केली नाही. तरी एका आठवड्यात आमच्यातले तिघं पॉझिटिव्ह आले.

इन्चार्ज सिस्टरांनी कुणाला बोल लावला नाही. फोनवरून एकेकाला विचारत गेल्या, कुठं बसलात, काय केलंत. खाटेपाशी काही चुकल्याचं दिसेना. दोघं बंद खोलीत मास्क काढून शेजारी शेजारी जेवले होते. तिसरी रडत म्हणाली, "लई गुदमरायलं होतं, म्हणून सूट काढायच्या आधी मास्कच ओढला." त्याच ग्लोव्हजनं. मला तिचा राग आला नाही. सहा तासांनंतर डोकं चालत नाही, हात आपोआप तोंडाकडं जातो.

सूट काढायच्या खोलीत लक्ष ठेवायला सिस्टरांनी माणूस मागितला. वरून उत्तर आलं, माणसं कमी आहेत. मग त्यांनी सफाईच्या मावशींनाच मास्क, शील्ड देऊन दारात उभं केलं. मावशींना वाचता येत नाही. सिस्टरांनी त्यांच्याकडून सगळा क्रम पाठ करून घेतला. मोठ्या डॉक्टरांना टोकायला मावशी कचरायच्या, तेव्हा सिस्टर डॉक्टरांसमोरच बोलल्या, "मावशी थांब म्हणल्या की थांबायचं. मी असले तरी."

माझी पहिली रात्रपाळी पहाटे दोनला सुटली. सुटाची चेन खाली केली, आतली बाजू बाहेर येईल असा तो खांद्यापासून गुंडाळत पायापर्यंत आणला आणि पिवळ्या पिशवीत टाकला. कोपरावरून घाम ठिबकत होता, नाकाला खाज सुटली होती. माझा हात वर गेला.

"सिस्टर, कुठं हात लावायलाव? आधी सॅनिटायझर."

प्रत्येक पायरीला तेच. गॉगल मागच्या पट्टीला धरून काढायचा. मास्क सगळ्यात शेवटी, दाराबाहेर आल्यावर, आधी खालची पट्टी मग वरची, समोरून शिवायचं नाही. पंधरा मिनिटं लागायची. घाई केली की मावशी पहिल्यापासून सांगायला लागायच्या.

जेवणं गच्चीवर नेली, एकेकट्यानं. ड्यूटीनंतरच्या अंघोळीला दोन बादल्या मिळाव्यात म्हणूनही सिस्टर भांडल्या. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे गाव, इथं दोन बादल्या मागणं काही लहान गोष्ट नाही. त्यांनी त्या मिळवल्या.

पुढं 16 जानेवारी 2021 ला आरोग्य कर्मचाऱ्यांची लस सुरू झाली. आमच्या यादीत मावशींचं नाव नव्हतं, त्या कंत्राटी. आम्ही सगळ्या मिळून ऑफिसात गेलो आणि नाव घातल्याशिवाय हललो नाही. चौथ्या दिवशी त्यांना लस मिळाली. दंड दुखत होता, सिस्टर घरी जा म्हणाल्या. दुपारी दोनला आमची पाळी सुटली तेव्हा मावशी शील्ड लावून दारात उभ्या होत्या.