लावदिकीया: कोमट म्हटलेलं शहर

पश्चिम तुर्कस्तानातल्या डेनिझलीहून पामुक्कलेला जाणारी डोल्मुश, म्हणजे तिकडची वडाप, वाटेत एका पाटीपाशी थांबवता येते. तिथून थोडं चालत गेलं की लावदिकीया या प्राचीन शहराचे अवशेष. बहुतेक पर्यटक इथे न उतरता पुढे पामुक्कलेच्या पांढऱ्या पायऱ्यांकडे जातात. मला मात्र यायचं होतं ते इथेच. बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकात आशिया या रोमन प्रांतातल्या सात मंडळ्यांना, म्हणजे ख्रिस्ती समुदायांना, ख्रिस्ताची पत्रं आहेत. त्यांतलं शेवटचं आणि सगळ्यांत कडक पत्र लावदिकीयाला आहे. तू उष्ण नाहीस, शीत नाहीस, कोमट आहेस, म्हणून तुला तोंडातून ओकून टाकणार. उपासनेत हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

दक्षिणेच्या बाजूला पाण्याचा मनोरा उभा आहे. त्याच्या भिंतीतले मातीचे नळ चुन्याच्या थराने जवळजवळ बुजले आहेत. मी तिथे बराच वेळ थांबले. हिएरापोलिसचं गरम पाणी नळातून इथवर येईपर्यंत कोमट व्हायचं, असं प्रवचनांत सांगतात. पण हिएरापोलिस (आजचं पामुक्कले) उत्तरेला आहे आणि जलवाहिनी येते दक्षिणेकडून, डेनिझलीच्या बाजूच्या झऱ्यांवरून. तरीही पत्रातली उपमा इथल्याच पाण्याची आहे, असं मला वाटतं. उत्तरेला हिएरापोलिसचे ऊन झरे, लोक तिथे दुखणी घेऊन जायचे. आग्नेयेला डोंगराच्या पायथ्याशी कलस्सै हे जुनं गाव, तिथे थंड वाहतं पाणी. ऊन पाणी कामाचं, गारही कामाचं. मग ‘शीत’ म्हणजे श्रद्धा विझलेला माणूस, हा नेहमी सांगितला जाणारा अर्थ टिकत नाही. दोष आहे तो कुणाच्याच उपयोगी न पडण्याचा.

पाण्याची किंमत मात्र या शहराला पक्की ठाऊक होती. इ.स. 114 मधला पाणीवापराचा कायदा संगमरवरावर कोरलेला सापडला आहे. पाणी चोरलं किंवा नळ फोडले, तर 5,000 ते 12,500 दिनारी (रोमन चांदीची नाणी) दंड!

सेल्युसिड या ग्रीक घराण्याचा राजा दुसरा अँटिओकस याने इ.स.पू. तिसऱ्या शतकात हे शहर वसवलं आणि राणी लाओदिकेचं नाव त्याला दिलं. पुढे व्यापाराने ते गब्बर झालं. रोमन वक्ता सिसेरोने इथे हुंड्या वटवल्या. इथल्या मेंढ्यांची लोकर कावळ्यासारखी काळी आणि मऊ, असं प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो. जवळच्या वैद्यकशाळेचाही तो उल्लेख करतो. इ.स. 60 मध्ये भूकंपाने शहर कोसळलं, तेव्हा रोमची मदत न घेता ते स्वतःच्या पैशाने पुन्हा उभं राहिलं. हे रोमन इतिहासकार टॅसिटसने नोंदवून ठेवलं आहे.

आता पत्र पुन्हा वाचा. मी धनवान आहे, मला कशाची उणीव नाही, असं तू म्हणतोस. पण तू कंगाल, आंधळा, उघडावाघडा आहेस. माझ्याकडून अग्नीत शुद्ध केलेलं सोनं घे, पांढरी वस्त्रं घे, डोळ्यांत घालायला अंजन घे. सावकारी पेढ्यांच्या गावाला सोनं, काळ्या लोकरीच्या गावाला पांढरं वस्त्र, वैद्यांच्या गावाला अंजन! लिहिणाऱ्याला हे गाव गल्लीबोळांसकट माहीत असणार. सीरिया रस्त्याच्या फरसबंदीवरून, दुतर्फा खांबांमधून चालताना त्या शब्दांची धार मला पहिल्यांदा नीट कळली.

याच रस्त्याजवळ मिळालेल्या एका खांबावर ज्यूंचा सात फांद्यांचा दीप, मेनोरा, कोरलेला आहे आणि त्यावर नंतर कुणीतरी क्रूस चढवला आहे. ते पाहून मला वाईट वाटलं. इ.स.पू. 62 मध्ये जेरुसलेमच्या मंदिरासाठी ज्यूंनी इथे गोळा केलेलं वीस पौंडांहून अधिक सोनं रोमन सुभेदार फ्लाकसने जप्त केलं होतं. म्हणजे ख्रिस्ती मंडळीच्या कितीतरी आधीपासून ही वस्ती इथे होती.

इतकं कडक पत्र मिळालेली मंडळी विझली का? 2010 मध्ये इथे चौथ्या शतकातलं मोठं चर्च जमिनीखाली सापडलं. आज त्यावर छप्पर आहे, वरच्या वाटेवरून खालची नक्षीदार फरशी आणि बाप्तिस्म्याचं कुंड दिसतं. त्याच शतकात याच शहरात धर्मसभा भरली आणि मंडळीत कोणते ग्रंथ वाचावेत यावर तिने नियम केले. ‘पाहा, मी दाराशी उभा आहे’ हे वचनही याच पत्रातलं आहे, आणि लावदिकीयाने दार उघडलं होतं असं मी मानते.