जर्मनचं पातेलं आणि सतरा फुटांचा आरसा

गेल्या शनिवारी सकाळी शेजारच्या आजोबांनी त्यांचं बफिंग मशीन, म्हणजे पत्रा घासून चमकवायचं यंत्र, माझ्या हातात दिलं. म्हणाले, "हा दाराखालचा पट्टा तू कर." घडलं एवढंच, पण त्या गोष्टीने मी अजून हललेली आहे. कारण त्यांच्या जुन्या ट्रेलरच्या या पत्र्याला त्यांनी आपल्या सख्ख्या मुलालाही हात लावू दिलेला नाही.

आमची लेक त्यांना 'चकचक आजोबा' म्हणते. इथे अमेरिकेत, ओहायोतल्या डेटनमध्ये, आम्हाला आता सहा वर्षं होतील. आजोबांचा जन्मच इथला, आणि सगळी नोकरी विमानांच्या पत्र्याच्या कामात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून १९६७ सालचा एअरस्ट्रीम विकत घेतला. गाडीमागे ओढून न्यायचं ते गोलसर, चांदीच्या रंगाचं घर फोटोत तुम्ही पाहिलेलंच असणार. १९६९ साली अपोलो ११ चे तिघे अंतराळवीर परत आल्यावर खिडकीमागे बसलेत आणि बाहेर निक्सन उभे आहेत, तो फोटो आठवा. ती खिडकी बदल करून घेतलेल्या एअरस्ट्रीमचीच. कारखाना आमच्यापासून तासाभरावर, जॅक्सन सेंटर नावाच्या एवढ्याशा गावात, १९५२ पासून. आजोबांचं मॉडेल कॅराव्हेल, सतरा फुटी. आणलं तेव्हा त्याला चांदीचा रंग वगैरे काही उरलाच नव्हता. पावसात राहिलेल्या जर्मनच्या पातेल्यासारखा दिसायचा, राखाडी आणि वर पांढुरके ओघळ.

जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, हे तुम्हाला सांगायला नको. लेकीला मात्र सांगावं लागलं. माझ्या आजीकडे दुधाचं जर्मनचं पातेलं होतं, आणि त्याला सोड्याने घासायची सक्त मनाई होती. "काळं पडेल गं ते!" असं ती ओरडायची. सोडा ॲल्युमिनियमला खातो हे रसायनशास्त्र मला पुढे कॉलेजात कळलं. आजीला ते हाताने माहीत होतं. हे मी आजोबांना सांगितलं तेव्हा ते हातातलं काम थांबवून ऐकत राहिले, आणि मला फार बरं वाटलं. इथे आल्यापासून आपल्या घरातल्या एखाद्या गोष्टीकडे कुणी 'एक्झॉटिक' म्हणून नाही, तर कामाची माहिती म्हणून पाहिलं, असं फार कमी वेळा झालंय.

आता कामाबद्दल सांगते, कारण मला खरं तर त्याबद्दलच लिहायचंय.

साठच्या दशकाच्या मध्यापासून कारखान्यातून निघताना या ट्रेलरवर पारदर्शक लेप मारलेला असायचा. पन्नास-पंचावन्न वर्षांत तो उन्हाने पिवळा पडतो, त्याचे पापुद्रे सुटतात, आणि कडेने, पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या भोवती, पांढऱ्या बारीक अळ्या चालून गेल्यासारख्या नक्षी उमटतात. तो गंज असतो, लेपाच्या खालून सरपटत जाणारा. त्यामुळे आधी लेप उतरवायचा. पूर्वी हे काम मिथिलीन क्लोराइडच्या स्ट्रिपरने अर्ध्या तासात व्हायचं. पण त्या वाफांनी बंद खोलीत काम करणारी माणसं दगावली, आणि २०१९ साली घरगुती गिऱ्हाइकाला ते विकणंच बंद झालं. आजोबांकडे जुना अर्धा डबा शिल्लक होता. तो त्यांनी वापरला नाही, घातक कचऱ्याच्या केंद्रावर नेऊन दिला. नवी जेल फार सावकाश चढते. ब्रशने थापायची, वर प्लॅस्टिक चिकटवायचं आणि वाट पाहायची. मग लेप सुरकुततो, थेट दुधावरच्या सायीसारखा, आणि लाकडी पट्टीने ती साय ओढून काढायची. लोखंडी पट्टी चालत नाही, ओरखडे पडतात. सतरा फुटांना एप्रिल महिना गेला.

लेप निघाल्यावर खाली जो पत्रा लागतो, तिथे आजोबांचा आवाज बदलतो. ते त्याला अल्क्लॅड म्हणतात. विमानाचा पत्रा. नुसतं शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असतं, म्हणून त्यात तांबं वगैरे मिसळून मिश्रधातू करतात. तांब्याने ताकद येते, पण त्याच तांब्याने तो गंजायलाही लागतो. म्हणून १९२०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत एक युक्ती निघाली. मिश्रधातूच्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमची पातळ कातडी दाबून चिकटवायची. ताकद आतल्याची, गंजाशी झुंज बाहेरच्याची. आजोबांनी पत्र्याचा एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. जाडी साधारण ०.८ मिलिमीटर. विमानाच्या पत्र्यात ही कातडी एका बाजूला जाडीच्या पाच टक्के धरतात, म्हणजे ०.०४ मिलिमीटर, केसाहून बारीक. आरशासारखी झळाळी येते ती या कातडीला. जास्त घासलं की कातडी संपते, आतला मिश्रधातू उघडा पडतो, आणि त्याला तसा आरसा येत नाही.

मी तिथेच म्हणाले, "अहो, ही तर कल्हई!"

मग अर्धा तास मी त्यांना कल्हई सांगत होते. आमच्या वाड्याच्या दारात बसणारा कल्हईवाला, जमिनीत केलेला खड्डा, भाता, कोळसे, लाल होत आलेलं पितळेचं पातेलं. चिमूटभर नवसागर टाकला की पांढरा धूर उठायचा आणि नाकात झोंबायचा. मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने एका फटक्यात आतून फिरवायचं, की काळपट पातेलं चांदीचं व्हायचं. शेवटी पाण्यात बुडवलं की चर्र! पितळेत आंबट कळकतं, म्हणून वरून कथलाची कातडी. आपल्याकडे हे ज्ञान बायकांच्या आणि कारागिरांच्या हातात केव्हापासून आहे याची गणतीच नाही. आमचं घर पुण्याच्या कसबा पेठेत, तांबट आळीपासून पाच मिनिटांवर. मठारकामाच्या हातोड्यांच्या ठोक्यांवर आम्ही पाढे पाठ केलेत. धातू काय असतो ते आम्हाला विमान कंपनीने शिकवायची गरज नव्हती, असं मी त्यांना म्हणालेसुद्धा. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "मग तू कधी केलीस का कल्हई?"

नाही केली. आमच्या घरात कुणीच केली नाही. आम्ही पायरीवर उभे राहून पाहायचो. काम झालं की आई कल्हईवाल्याला चहा द्यायची, आणि तो कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपातून. तेव्हा सगळ्याच घरांत तसा कप असायचा. आई वाईट नव्हती, आणि मी तिच्याबद्दल इथे बसून काही ऐकून घेणार नाही. पण आजोबांनी त्यांच्या थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून माझ्यापुढे केली, स्वतः त्यातून आधी पिऊन, तेव्हा तो कप आठवला आणि कॉफी काही वेळ हातातच राहिली.

घरच्या ग्रुपवर मी ट्रेलरचा फोटो टाकला तर भावाने लिहिलं, "एवढे कष्ट कशाला? दोन माणसं लावून आठवड्यात करून घ्यायचं." दुसऱ्याने लिहिलं, रंग मारून टाका. मला राग आला. पण खरं सांगायचं तर भावाचं पूर्ण चुकीचं नाही. इथे माणूस लावणं म्हणजे हजारो डॉलर, म्हणून निम्मी अमेरिका स्वतःचं स्वतः करते. शिवाय आजोबांना पेन्शन आहे, दोन गाड्या मावतील असं गॅरेज आहे, सगळी हत्यारं आहेत, आणि शनिवार-रविवार तर त्यांना नोकरीतही मिळायचे. माझे बाबा कारखान्यात पाळीवर जायचे आणि उरलेल्या वेळात रेशनच्या रांगेत असायचे. त्यांच्याकडे १०० तास कुठून येणार होते चकचकीसाठी? 'हे लोक बघा कसं हाताने काम करतात' असं इथून तिकडे ऐकवणाऱ्या मंडळींचा मला कंटाळा आहे. आईचे हात बघा म्हणावं. दिवाळीच्या आधी दोन दिवस ती समया, पंचपात्र, देवांची भांडी चिंचेने घासत बसायची, आणि त्या कामाचे फोटो कुणी काढत नव्हतं.

असो. पत्र्याकडे येते.

न्यूव्हाइट नावाच्या पॉलिशचे डबे असतात. त्यांच्यावर एफ-७, सी, एस अशी अक्षरं: भरड, मधलं, बारीक. दोन बाय दोन फुटांचा चौकोन घ्यायचा, जास्त नाही. पॉलिशचे ठिपके बोटाने लावायचे, हळदीकुंकवाची बोटं लावतो तसे. लोकरीचं पॅड लावलेलं फिरतं मशीन त्यावर टेकवलं की पाच सेकंदांत सगळं काळंकुट्ट होतं. पहिल्यांदा मी घाबरलेच, वाटलं बिघडलं काहीतरी. आजोबा म्हणाले, "काळं म्हणजे चाललंय." तो निघालेला ऑक्साइड आणि धातू. त्याच काळ्यातून मशीन फिरवत राहायचं, दाब न देता, एका जागी न थांबता, आणि मग काळं विरळ होत जातं आणि खालून काहीतरी हलायला लागतं. आधी वाटतं, पाणी आहे. मग लक्षात येतं की ते झाड आहे, आपल्या पाठीमागचं मेपलचं झाड, पत्र्यात.

हे सकाळी दहाच्या आत करायचं. ऊन पडलं की पत्रा तापतो, पॉलिश वाळतं आणि चिकटून बसतं. उरलेला काळा चिकटा पुसायला इथले जुने लोक काय वापरतात माहितीये? मैदा. ट्रकची चाकं चमकवणारेही वापरतात. कापडावर मैदा घेऊन पुसला की तेलकट काळं तो ओढून घेतो. आजी समई राखेनंतर कोरड्या तांदळाच्या पिठाने पुसायची, हे आठवून मी दुसऱ्या शनिवारी घरातून तांदळाचं पीठ नेलं. मैद्यापेक्षा कणभर सरस निघालं, असं माझं ठाम मत आहे. आजोबांचं मत अजून मैद्याच्या बाजूने आहे.

भरड हात झाला की मधला, मग शेवटी 'एस', आणि त्याला जोड-तोंडाचं सायक्लो मशीन, मऊ कापड गुंडाळलेलं. फिरत्या पॅडचे गोल ओरखडे फक्त त्यानेच जातात. सरळ भिंती सोप्या. ट्रेलरची दोन्ही टोकं मात्र संत्र्याच्या फोडींसारख्या वळणदार पट्ट्या जोडून केलेली असतात, आणि प्रत्येक जोडावर रिव्हेटची रांग. आजोबा वहीत तास लिहितात. मे संपेपर्यंत ८३ झाले होते, आणि पुढचं टोक अजून राहिलंय.

तर त्या शनिवारी दाराखालचा पट्टा मला दिला. मी मन लावून केलं, खरंच. पण खालच्या कडेला रिव्हेटच्या रांगेजवळ मशीन क्षणभर रेंगाळलं. लेकीने काहीतरी हाक मारली आणि मी मान वळवली. वळून पाहिलं तर पत्रा हाताला पोळत होता. पुसल्यावर रुपयाएवढा एक डाग, मळका, पिवळसर राखाडी. मेपलचं झाड तिथे येऊन थांबत होतं आणि डागाच्या पलीकडे पुन्हा सुरू होत होतं. कातडी गेली होती. १९६७ पासून टिकलेली कातडी मी एका क्षणात घालवली, आणि ती कुठल्याही दुकानात परत मिळत नाही.

मला रडू आलं. आजोबा गुडघ्यावर बसले, अंगठा फिरवून पाहिला. रागावले नाहीत, 'इट्स ओके'ही म्हणाले नाहीत, जे इथे लोक उठसूट म्हणतात. वही काढली, तारीख घातली, आणि लिहिलं, "दाराखाली, खालची कड, रिव्हेट क्र. ११. आतला धातू उघडा. दर वसंतात मेण." मग दुसऱ्या टोकाला नेऊन मागच्या चाकाच्या वरचा एक डाग दाखवला, तसाच, जरा मोठा. "हा माझा," म्हणाले. "पहिल्याच आठवड्यातला." एवढ्या दिवसांत तो मला दिसला नव्हता. आयुष्यभर विमानाच्या पत्र्यावर हात फिरवलेल्या माणसाचा!

वर पुन्हा लेप मारायचा का, हे मी त्यांना विचारलं होतं. मारणार नाहीत. मग झळाळी दर वर्षी थोडी उतरणार, आणि दर वर्षी 'एस'चा एक हात द्यावा लागणार. त्यांना ७८ वं सुरू आहे. शिडीवर चढताना डावा गुडघा धरतात.

काल संध्याकाळी ते कुंपणापाशी आले. पुढच्या टोकाच्या फोडी निळ्या टेपने आखून ठेवल्यात, खालच्या तीन मी करायच्या, वरच्या ते. रिव्हेटच्या रांगांवर टेपचे दोन पदर लावलेत. शनिवारी सकाळी सातला बोलावलंय. जाताना वळून म्हणाले, "आणि ते तुझं तांदळाचं पीठ आण थोडं."