नाडी बघायला पैसे लागत नाहीत, पुढे लागतात

हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी सरसकट तपासणीचा विषय निघाला की चर्चा बोटांनी धरायच्या छोट्या ईसीजी यंत्राच्या किमतीवर अडते. पण पैसा जातो तो यंत्राने 'अनियमित' म्हटल्यानंतर.

हजार माणसं घेऊ, सगळी ६५ च्या पुढची. एकदाच तपासलं तर साधारण १४ जणांत आधी न कळलेलं एट्रियल फिब्रिलेशन निघतं, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर, जिच्यामुळे गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. २०१३ च्या एका मोठ्या आढाव्यात हे प्रमाण १.४ टक्के आलं होतं. यंत्र शंभरातल्या ९५ वेळा बरोबर सांगतं असं धरा. मग त्या १४ पैकी १३ सापडतील आणि बाकीच्या ९८६ मधल्या ४९ जणांनाही विनाकारण शिक्का बसेल. म्हणजे खात्रीसाठी बारा लीडचे (दवाखान्यातले पूर्ण) ईसीजी ६२, त्यातले ४९ फुकट. गोव्यात काणकोणच्या आजीला त्यासाठी मडगावला आणायचं तर मुलाचा रोज बुडतो, तो वेगळाच.

यातले बरेच फेरे तिथल्या तिथे वाचतात. बोटं कोरडी असली, हात कापत असले किंवा बोलणं चालू असलं की यंत्रावरची रेषा गढूळ येते. बोटं किंचित ओली करा, कोपर टेबलावर टेकवा, ३० सेकंद गप्प बसवा. तरी शंका राहिली तर पाच मिनिटांनी पुन्हा घ्या. मधूनच एखादा जादा ठोका पडणं वेगळं. फिब्रिलेशनमध्ये कुठल्याच दोन ठोक्यांमधलं अंतर जुळत नाही आणि पी लहर (प्रत्येक ठोक्याआधीचा छोटा उंचवटा) दिसत नाही. आणि ईसीजीचा थर्मल कागद फिका पडतो. त्याच दिवशी झेरॉक्स काढली नाही तर पुरावाच जातो, पुन्हा सगळं पहिल्यापासून.

निदान पक्कं झालं की गुठळ्या टाळणारी औषधं सुरू करण्याआधी इको (हृदयाची सोनोग्राफी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), हिमोग्लोबिन, थायरॉइड. इको टाळून चालत नाही. संधिवाताच्या तापाने झडप बरीच आकसली असेल तर गुठळ्या टाळणाऱ्या नव्या गोळ्या नाहीत, जुनं वॉरफरिनच. आणि वॉरफरिन म्हणजे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) २ ते ३ मध्ये ठेवायला सुरुवातीला दर आठवड्याला रक्त. श्रावणात मासे बंद होऊन ताटात रोज तांबडी भाजी आली की आयएनआर खाली घसरतो. भाजी सोडायची नाही, प्रमाण सारखं ठेवायचं, हे कुणीतरी बसून सांगावं लागतं. त्या वेळेचाही खर्च धरायला हवा.

जास्त शोधलं म्हणजे जास्त पक्षाघात टळले, असंही नाही. डेन्मार्कमध्ये त्वचेखाली यंत्र बसवून तपासलं तेव्हा फिब्रिलेशन जवळपास तिप्पट सापडलं, पण २०२१ च्या निकालात पक्षाघात ठामपणे कमी झालेला दिसला नाही. स्वीडनमध्ये ७५-७६ वर्षांच्यांना बोलावलं, निम्मेच आले. फायदा झाला, पण थोडा.

म्हणून गोव्यात वेगळी शिबिरं नकोत असं माझं ठाम मत आहे. बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी माणसं आरोग्य केंद्रात येतातच. तिथेच नर्सने मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी बघावी. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की आकडा मिळतो, अनियमितपणा निसटतो. नाडी अनियमित असेल तर ऑटोमॅटिक मशीनच्या बीपीवर विसंबू नये. हाताने, दोन-तीनदा घ्यावं.

आणि ज्या केंद्राच्या जवळपास आयएनआर होत नाही, औषध दर महिन्याला मिळेल याची खात्री नाही, तिथे आधी ती सोय करावी, नाडी मग बघावी.