तिसरी पिन

रविवार, रात्री

ज्या वाद्याला हातही लावायचा नसतो, त्याच्यापुढे आज हात टेकले.

रस्त्यावर वाजवायचं ठरवल्यापासून महिनाभर मी नुसते वॅट मोजतेय. माझं वाद्य थेरेमिन, म्हणजे अँटेनाजवळ हवेत हात हलवून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य. त्याला स्वतःचा स्पीकर नाही. वाद्याला वीज द्यायची आणि त्याच्या आवाजालाही, तीसुद्धा जिथे प्लग नाही तिथे. वाद्य १२ व्होल्ट डीसीवर चालतं आणि चिमणीएवढं खातं. भूक असते ती ॲम्प्लिफायरला.

आधी वाटलं इन्व्हर्टर घ्यावा. मग लक्षात आलं, की बॅटरीच्या १२ व्होल्टची घरासारखी एसी करायची आणि ॲडॅप्टर लावून तिची परत १२ व्होल्ट डीसी, हा द्राविडी प्राणायाम झाला. दोन्ही खेपांना थोडी वीज उष्णता होऊन जाणार, वर घरघर येणार ती वेगळीच.

भाच्याने त्याचा तो दिवे लुकलुकणारा ब्लूटूथ स्पीकर देऊ केला. घेतला, लावला, पाच मिनिटांत परत दिला. थेरेमिनवर ना पट्ट्या, ना पडदे. हवेत हात धरायचा, कानाने सूर शोधायचा आणि चुकला तर त्याच क्षणी बोट सरकवायचं. ब्लूटूथमधून आवाज सेकंदाचा दहावा हिस्सा, कधी त्याहूनही उशिरा येतो. तेवढ्यात मी चुकलेला सूर सुधारून, पुन्हा चुकवून बसलेली असते. गाणी ऐकायला तो उत्तम, पण इथे साधी वायरच हवी.

शेवटी क्लास डी जातीचा छोटा ॲम्प्लिफायर बोर्ड घेतला. या जातीचे बोर्ड फार कमी वीज वाया घालवतात. खोक्यावर छापलंय १०० वॅट. वहीत हिशेब मांडला: १२ चा वर्ग १४४, स्पीकरचा अडथळा ४ ओहम, त्याची दुप्पट ८, म्हणून भागिले ८. आले १८. बारा व्होल्टवर आवाज न फाटता मिळणारी ही वरची हद्द. तीही कागदावरची. आठ ओहमचा स्पीकर जोडला तर ९. शंभर हवे असतील तर व्होल्टेज वाढवा, म्हणजे बॅटऱ्या वाढवा, म्हणजे हमाल ठेवा.

जरा चिडले. मग जुना आठ इंची स्पीकर काढून मागचं लेबल धूळ पुसून वाचलं: एका वॅटला, एक मीटरवर ९३ डेसिबल. आधी आणलेला चिमुकला ८७ चा होता. वॅट दुप्पट केले की आवाज जेमतेम ३ डेसिबल वाढतो. म्हणजे हे ६ डेसिबल म्हणजे फुकटात चौपट वॅट. हे आधी का नाही पाहिलं? स्पीकरचं लेबल मागे असतं आणि वॅटचा आकडा पुढे, म्हणून.

बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची, लेड-ॲसिड. हिशेबाने ८४ वॅट-तास. अर्ध्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून धरायचे चाळीस. माझं वाजवणं सरासरी आठ वॅटच्या वर जात नाही. पाच तास झाले. पाच तास हात वर धरण्याची ताकद माझ्यातच नाही.

इतकं सगळं जुळवून आज जोडलं, आणि सूर पार वेडे. हात छातीपासून अँटेनापर्यंत नेताना घरच्या विजेवर तीन सप्तकं मिळायची, आज जेमतेम एक. शिवाय जरा पाय हलवला की स्वर घसरतो. भाचा दारातूनच म्हणाला, "मावशी, तुझं भूत आज प्यायलंय का गं?"

बुधवार

सापडलं! अपघाताने. वैतागून केबल काढायला गेले, जॅकच्या धातूला बोट लागलं आणि सूर एकदम ताठ उभा राहिला. बोट काढलं, पुन्हा लोळला.

मग डोक्यात प्रकाश पडला. हात आणि अँटेना मिळून एक कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारी जोडी, होतो. अगदी चिमूटभर, पिकोफॅरडमध्ये मोजायचा. पण त्याचं वर्तुळ पुरं व्हायला वाद्याला जमिनीचा आधार लागतो. घरच्या विजेवर तो आधार कुठून येत होता? ॲम्प्लिफायरच्या प्लगच्या तिसऱ्या, जाड पिनेतून. अर्थिंगमधून केबलच्या जाळीत आणि तिथून थेरेमिनमध्ये. मी भिंत सोडली, तेव्हा विजेबरोबर जमीनही सोडली. दोन्ही खोकी प्लास्टिकच्या स्टुलावर अधांतरी.

लेव तेरमेन १९२० च्या सुमारास वायूंच्या मोजमापाचं उपकरण बनवत होता आणि त्यातून हे वाद्य निघालं. मुळात मोजणारं यंत्रच ते. मला मोजतं, स्टूल मोजतं, भाच्याला मोजतं. आणि मोजायला कुठेतरी शून्य ठरवावं लागतं, ते मीच काढून घेतलं होतं.

इलाज: ॲम्प्लिफायरच्या ग्राउंडच्या स्क्रूपासून एक वायर, टोकाला मगरचिमटा, आणि पायाखाली ॲल्युमिनियमचा पत्रा. त्यावर उभं राहायचं. तीन सप्तकं परत आली. मनगटाला चिमटा लावूनही पाहिला, चालतो, पण माणूस इस्पितळातून पळून आल्यासारखा दिसतो.

शनिवार, उशिरा

वाजवलं. दोन तास.

स्पीकर आधी पायाशी ठेवला होता. रहदारीत स्वतःचाच सूर ऐकू येईना आणि थेरेमिनवाल्याला ऐकू आलं नाही तर सगळंच संपलं. मग मागे, स्टुलावर, कानाच्या उंचीला चढवला. लोकांना थोडा कमी पोचला असेल, पण जे पोचलं ते सुरात होतं.

एक फजिती: मंद्रापासून वर मींड घेत गेले, की एका ठरावीक जागी खोक्याचं हँडल झर्र करायचं. थेरेमिनचा आवाज इतका सोज्वळ, की त्यात खोक्याची एकेक खोड चव्हाट्यावर येते. गिटारच्या गडबडीत ही खपली असती.

आणि लोक! लोक जवळ आले की सूर चढतो. एक पोर अँटेनापाशी आलं, स्वर वर गेला. ते मागे झालं, स्वर उतरला. त्याला कळलं. मग पुढची दहा मिनिटं तेच वाजवत होतं, मी नुसती उभी. टोपीत सगळ्यात जास्त तेव्हाच पडलं.

घरी येऊन बॅटरी पाहिली, अर्ध्याच्या बरीच वर. पत्र्याचा चिमटा मात्र दोनदा सुटला. उद्या तिथे स्क्रू मारायचा, हँडलखाली रबर घालायचं आणि खडूची एक रेघ, पोरांना दिसेल अशी. नाही, रेघ नको.