गेजखालचा निळा डाग

लॉगबुकात ओळ होती, 'ईडीए पंपाच्या डिस्चार्ज गेजखाली निळसर डाग. पुसला.' गेज म्हणजे लाइनमधलं प्रेशर दाखवणारी काट्याची डबी. अक्षर सेकंड शिफ्टवाल्याचं. रात्री ११ वाजता शिफ्टचा चार्ज घेताना मी ती ओळ वाचली आणि खाली सही केली. इतकी वर्षं झाली, तरी ती सही मला डोळ्यांसमोर दिसते.

जुलै महिना, लोटे परशुरामची एमआयडीसी. कोकणातल्या पावसाबद्दल वेगळं सांगायला नको. शेडच्या पत्र्यावर असा मारा चालला होता की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागत होतं. आमच्या प्लँटमध्ये इथिलीनडायअमीन लागायचं, बोलताना सगळे ईडीएच म्हणतात. नाशिककडचे द्राक्षबागायतदार बुरशीसाठी जी पिवळी पावडर फवारतात, त्या मॅन्कोझेबची सुरुवात ह्या ईडीएपासून होते. माल २०० लिटरच्या ड्रममधून यायचा, तो डे-टँकमध्ये, म्हणजे रोजच्या वापराच्या टाकीत काढायचा आणि तिथून पंपाने रिअॅक्टरला.

दिसायला ते पाण्यासारखं. वास अमोनियाचा, पण जरा मासळीच्या अंगाचा. दमट हवेत झाकण उघडलं की धूर निघतो. हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून जिथे थोडंसं पाझरतं तिथे पांढरी खपली धरते. फ्लँजभोवती, म्हणजे पाइपाच्या जोडावर पांढरं दिसलं की आतली गळती रोखणारी चकती, गॅस्केट गेलं, हे नवा हेल्परसुद्धा आठवड्याभरात शिकतो. पांढऱ्याची आम्हाला सवय होती. निळं का आलं, हे सेकंड शिफ्टने विचारलं नाही. मीही नाही.

पहाटे ३ वाजून ५ मिनिटांनी ऑपरेटर पंपाचं रीडिंग घ्यायला गेला. चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा, कामाला चोख. गॉगल कपाळावर होता. त्यासाठी त्याला दोष देणारे पुढे बरेच निघाले, मी देत नाही. त्या दमट हवेत गॉगलवर दोन मिनिटांत वाफ धरते, गेजचा काटा दिसत नाही. वाफ न धरणारे गॉगल आणि पूर्ण चेहरा झाकणारी शील्ड हवी, ही मागणी स्टोअरकडे दोन महिने पडून होती.

लाइनला तीन किलोचं प्रेशर होतं. मी १५ फुटांवर होतो. आवाज फार मोठा झाला नाही, सायकलची ट्यूब फुटावी तेवढा. गेजची काच उडाली आणि फवारा त्याच्या उजव्या गालावर, डोळ्यात, मानेवर आणि हातावर बसला. तो ओरडलासुद्धा नाही. फक्त म्हणाला, "सर, दिसत नाही."

हेल्परने धावत जाऊन पंपाचं बटण मारलं. मी पोराच्या बखोटीला धरून त्याला शॉवरखाली नेलं. शॉवर पंपापासून १२ पावलांवर होता आणि वाट मोकळी होती. आदल्याच आठवड्यात त्या वाटेवरचे रिकामे ड्रम हलवायला लावले होते, तेव्हा लोक कुरकुरले होते.

शॉवरखाली त्याचा हात धरला तर सुटून निघत होता. बुळबुळीत, साबण लावल्यासारखा. ते खरंच साबणच असतं. अल्कली कातडीतल्या चरबीचा साबण करते आणि तशीच आत उतरत राहते. बहुतेक आम्लांनी भाजलं की वरचा थर गोठून घट्ट होतो, आम्ल पुढे जायला थोडी तरी आडकाठी होते. अल्कलीला ती आडकाठी नाही. आणि दुखतं मागाहून, म्हणून माणूस पाच मिनिटांत म्हणतो, आता बरं वाटतंय, पुरे. तोही म्हणाला. मी सोडलं नाही.

शर्ट कात्रीने कापला. घड्याळ तेवढं राहिलं होतं. चामड्याचा पट्टा, त्याने ते सगळं पिऊन घेतलं होतं. पट्टा सोडवला तेव्हा खालची कातडी पांढरट, फुगलेली. त्या रात्री सगळ्यात खोल जखम तिथेच झाली. मानेवर फवारा जास्त बसला होता, पण मानेवर पाणी लगेच पोहोचलं.

एवढ्यात कुणीतरी लॅबमधून पातळ केलेलं अॅसिटिक अॅसिड घेऊन आला. अल्कली आहे, मारून टाकू, असा त्याचा चांगला विचार. मी ओरडून त्याला मागे पाठवला. अंगावर आम्ल ओतून अल्कली मारायची तर ती उष्णता कातडीतच निघणार, डोळ्यात तर विचारूच नका. दुसरा ओलं फडकं घेऊन पुसायला आला, त्यालाही थांबवलं. ईडीए थोड्या पाण्यात मिसळलं की तापतं. पाणी द्यायचं तर धो धो.

डोळा उघडा ठेवणं सगळ्यात कठीण. पापण्या अशा आवळल्या जातात की माणसाने ठरवूनही उघडत नाहीत. मी दोन बोटांनी पापण्या फाकवून धरल्या, हेल्पर आय-वॉशचं पाणी सोडत होता, आणि मी एकच घोकत होतो, "वर बघ. खाली बघ. डावीकडे. परत वर." २५ मिनिटं. गाडी आली तेव्हा फर्स्ट एडच्या पेटीतल्या सलाइनच्या सगळ्या बाटल्या घेतल्या आणि परशुराम घाट उतरून चिपळूणला पोहोचेपर्यंत बाटलीमागून बाटली डोळ्यात सोडत राहिलो. घाटात दरडीची माती रस्त्यावर आली होती, गाडी गोगलगाईसारखी चालली होती. निघताना लॅबमधलं पीएच पेपरचं पुडकं खिशात टाकलं होतं, आम्ल की अल्कली हे रंगाने दाखवणाऱ्या पट्ट्या, सातावर ना आम्ल ना अल्कली, वर गेलं की अल्कली, ते फार उपयोगी पडलं.

दवाखान्यात ड्युटीवरच्या डॉक्टरांनी छाती तपासली, घरघर होती. त्यांनी सिस्टरना अॅमिनोफायलिन, म्हणजे दम्यावरचं इंजेक्शन काढायला सांगितलं. मी म्हटलं, "डॉक्टर, ह्याच्या अंगावर पडलंय तेच त्या इंजेक्शनमध्ये आहे." त्यांना वाटलं, मी घाबरून काहीतरी बोलतोय. पण खरं आहे. थिओफायलिन हे दम्याचं औषध पाण्यात विरघळावं म्हणून ते ईडीएशी जोडतात, तेच अॅमिनोफायलिन. हे मला ठाऊक होतं ते आमच्या ड्रम यार्डातल्या एका काकांमुळे. त्यांना ईडीएचा दमा जडला होता. शिफ्ट संपली की संध्याकाळी खोकला, रविवारी आराम, सोमवारी पुन्हा तेच. एकदा ही अॅलर्जी बसली की जरा वास आला तरी छाती भरते, आणि तशा माणसाला हे इंजेक्शनही बाधू शकतं. पोराला अॅलर्जी होती की नाही, त्या घडीला कुणाला माहीत? डॉक्टर क्षणभर थांबले, मग म्हणाले, "ठीक आहे, नेब्युलायझर लावू." अपरात्री एका अनोळखी माणसाचं त्यांनी ऐकून घेतलं, ह्याचं मला आजही अप्रूप आहे.

डोळ्यांच्या डॉक्टर पाऊण तासाने आल्या, छत्रीचं पाणी निथळत होतं. पहिला प्रश्न, "किती वेळ पाणी मारलंत?" मी म्हटलं, "अजून मारतोय." त्यांनी माझ्याकडचा पेपर घेतला, पाच मिनिटं पाणी थांबवलं आणि खालच्या पापणीच्या आत पट्टी टेकवली. निरोगी डोळ्याचं पाणी साताच्या जरा वर असतं. पट्टी हिरवी-निळी झाली, नऊच्या आसपास. दीड तास धुतल्यावर! त्यांनी वरची पापणी उलटी केली, आतल्या खाचेतून कापसाच्या काडीने पांढरं काहीतरी पुसून काढलं आणि आणखी दोन लिटर सलाइन सोडलं. पुन्हा पट्टी, पुन्हा सलाइन. पट्टी सातावर येऊन टिकली तेव्हा उजाडलं होतं.

पोराचा डोळा लालभडक झाला होता. मी घाबरलो, तर बाई म्हणाल्या, "लाल आहे हे चांगलं. बुबुळाच्या कडेला पांढरं पडलं असतं तर मला काळजी होती." रक्तवाहिन्या जळल्या की डोळा पांढरा दिसतो आणि बुबुळावर नवी कातडी धरायला आधार उरत नाही. पांढरा डोळा पाहून लोक निर्धास्त होतात, असं त्यांनी सांगितलं.

दुपारी मी प्लँटला परत आलो आणि तो गेज खोलला. बाहेरून स्टीलची केस, चकचकीत. केमिकल लाइनवर गेज आतून स्टीलचाच लागतो. पण खालच्या सॉकेटवर कानशीने ओरखडा मारला तर पिवळं! पितळ, वर निकेलचा मुलामा. आतली वाकडी नळीही पितळेची, तिला केसासारखी उभी चीर गेलेली आणि चिरेच्या कडांना निळं-जांभळं धरलेलं. हवा लागली की ईडीए पितळेतलं तांबं विरघळवतं, आणि तो रंग त्या तांब्याचा. नऊ दिवसांपूर्वी मूळचा गेज बिघडला, तेव्हा फिटरने स्टोअरमधून दुसरा आणून लावला. तो हवेच्या लाइनचा होता. आटे तेच, डायल तेवढीच, बसला. लोहचुंबकानेही फरक कळला नसता, कारण तसलं स्टीलही चुंबकाला चिकटत नाही.

पितळ आणि अमोनियाच्या कुळाचं हे वैर जुनं आहे, आणि ते आपल्याच पावसाळ्यात लक्षात आलं. इंग्रजांच्या फौजेची पितळी काडतुसं घोड्यांच्या पागांजवळ ठेवलेली असत. ऐन पावसाळ्यात त्यांना आपोआप चिरा जायच्या. त्याला इंग्रजीत सीझन क्रॅकिंग नाव पडलं. कारण घोड्यांच्या मुतातला अमोनिया, हे १९२१ मध्ये नीट मांडलं गेलं. मी हे कॉलेजात शिकलो होतो. परीक्षेत लिहिलंही होतं.

चौकशीत सगळा ठपका फिटरकाकांवर आणि पोराच्या गॉगलवर ठेवायचा बेत दिसला. मी लेखी दिलं की डागाची नोंद मी सही करून घेतली होती आणि मी पंप थांबवला नाही. एकाच कपाटात दोन्ही जातींचे गेज ठेवले जात होते, आणि ते कपाट फिटरकाकांचं नव्हतं, हेही लिहिलं. त्या वर्षी माझी बढती राहिली. काका नोकरीत राहिले.

आता हवेचे गेज वेगळ्या खोलीत असतात. केमिकलच्या गेजला लाल पट्टा असतो, आणि बसवण्याआधी सॉकेटवर कानशीचा एक ओरखडा मारतात. ड्रम उतरवणाऱ्यांना ब्यूटाइल रबरचे हातमोजे मिळतात. लॅबच्या फडताळात मी एक बाटली ठेवली आहे, ईडीएत टाकलेला पितळेचा तुकडा, रंग शाईसारखा गर्द. नव्या माणसाला पहिल्या दिवशी ती दाखवतो.

पोराची नजर परत आली. रात्री गाडी चालवताना समोरचे दिवे फुटल्यासारखे दिसतात म्हणतो. मनगटावर पट्ट्याच्या रुंदीचा व्रण आहे, त्यामुळे घड्याळ आता उजव्या हातात असतं.

मागच्या पावसाळ्यात पहाटे फोन वाजला. नवा ऑपरेटर होता.

"सर, पंपाच्या गेजखाली काहीतरी धरलंय."

"पांढरं की निळं?"

"अंधारात नीट कळत नाही."

"आधी पंप बंद कर. शील्ड लाव, मग बॅटरी मार. मी येतोय."

पांढरं निघालं. गॅस्केट बदललं, ४ वाजून १० मिनिटांनी पंप पुन्हा चालू केला आणि लॉगबुकात त्यानेच सगळं लिहिलं, रंगासकट.