घरट्यात चार अंडी

आपल्या शाळेत "सहल कुठे?" असं कुणी विचारत नसे. सहल म्हणजे नवेगावबांधचा तलाव. पाचवीत तेच, सातवीतही तेच. तालुक्याच्या गावची पोरं वेरूळ-अजिंठा बघून यायची, आणि आम्ही दरवर्षी सुवाऱ्या आणि लोणच्याचा डबा घेऊन त्याच बांधावर. आजी तर म्हणायची, "बांध पाहाले पैसे कायले देता? तुह्या मामाचं गाव तिथंच हाये." वर्गणी तीन रुपये होती. तीही मी दोनदा उशिरा भरली.

तेव्हा आपला जिल्हा भंडारा होता. गोंदिया वेगळा झाला तो १९९९ साली. नवेगावला राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्येच झालं होतं, पण आम्हा पोरांना उद्यान म्हटलं की झोपाळा आणि घसरगुंडी आठवायची. पहिल्या वर्षी मी खरोखरच घसरगुंडी शोधली होती.

विज्ञानाचे सर (नाव लिहीत नाही, त्यांना स्वतःचं नाव छापलेलं आवडत नसे) आम्हाला तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, उभं करायचे आणि म्हणायचे, "हे पाणी कुणी आणलं?" आम्ही ओरडायचो, "देवानं!" मग ते पाळीवरच्या कोलासूर देवाच्या ठाण्याकडे बोट दाखवायचे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी नावाच्या माणसानं डोंगरांच्या मधल्या जागा मातीच्या पाळीनं बुजवल्या, पाणी अडलं, आणि पुढे लोकांनी त्याचाच देव केला. भोवतीच्या सात टेकड्या म्हणजे सात बहिणी. बांध घालताना त्यांनी त्याला हात दिला, असं सांगतात. म्हणजे तुमचं देवानं हे उत्तर अर्धं बरोबर, असं म्हणून सर हसायचे. मी पुढे पाटबंधारे खात्यात नोकरी केली. नकाशावर 'मामा तलाव' दिसला की पुण्याकडचा एखादा सहकारी विचारायचा, "कुणाच्या मामाचा?" माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या, जमीनदारांच्या ताब्यातला, हे समजावताना मला हटकून ती पाळ आठवायची. पाणी कुठे अडवायचं ते डोंगर बघूनच ठरवायचं, हे मी पदविकेच्या पुस्तकाआधी तिथं शिकलो होतो.

हिवाळ्यातल्या सहलीत खरी मजा बदकांची. दुर्बीण शाळेची एकच, तीही एका डोळ्यानं बघायची. दुसरी काच फुटलेली. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब सरांनी दाखवले आणि म्हणाले, हे हिमालय ओलांडून येतात, तिबेटच्या बाजूनं. तिबेट आम्हाला लांबचं नव्हतं. गोठणगावला १९७२ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे, आणि थंडीत स्वेटर विकणारे तिबेटी आम्ही बाजारात पाहिलेले. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे सर, स्वेटरवाल्यांचे गाववाले!" वर्ग हसला. सर हसले नाहीत. "बरोबर आहे," एवढंच म्हणाले.

आठवीत मात्र सहल सप्टेंबरमध्ये निघाली. साल १९८४. धानाच्या रोवण्या आटोपल्या होत्या, त्यामुळे घरून सुट्टी मिळायला अडचण नव्हती. पावसाळ्यातला बांध आम्ही पहिल्यांदाच बघितला. बदकं जवळजवळ नाहीत, पाणी काठोकाठ, कडेनं कमळं, शेवाळ आणि बेशरमीची झुडपं. आमची निराशा झाली. तेवढ्यात डोंग्यातून जाळं टाकणाऱ्या ढिवरकाकांनी हाक मारली, "गुर्जी, इकडं या, पोट्ट्यायले दाखवा. पन गडबड करू नोका."

काठापासून आठ-दहा हातांवर, पाण्यावर तरंगणाऱ्या पानांच्या ढिगावर चार अंडी होती. कमळपक्ष्याची. लांब शेपटीचा पक्षी जरा दूर पानापानांवरून पावलं टाकत ओरडत होता. अंड्यांवर एक ठिपका नाही. घासून ठेवलेल्या पितळी तांब्यासारखी चकचकीत, एका टोकाला निमुळती. सर हळू आवाजात सांगू लागले: या पक्ष्यात अंडी बाप उबवतो. मादी अंडी घालते आणि दुसरा नर शोधायला निघून जाते. मुली तोंडावर पदर... नाही, ओढणी धरून हसल्या (पदर माझ्या आईच्या पिढीचा). सरांनी सगळ्यांना वहीत लिहायला लावलं: तारीख, जागा, अंडी ४. चित्र काढा, म्हणाले. मग आम्हाला तिथून लवकर हलवलं, कारण आपण उभे आहोत तोवर बाप येणार नाही.

जेवणानंतर लघवीचं निमित्त करून मी परत तिथं गेलो. पाणी गुडघ्याच्या वर होतं, खाली चिखल. एक अंडं उचललं. का उचललं? इतकं सुंदर काही मी तोवर हातात घेतलं नव्हतं, एवढंच मला सांगता येतं. अर्ध्या चड्डीच्या खिशात ठेवलं. ओली चड्डी बघून सगळ्यांना वाटलं मी घसरून पडलो, आणि मीही तेच सांगितलं.

एसटीत आम्ही एका बाकावर चौघं. देवलगावच्या आसपास गाडीला गचका बसला आणि मांडीला काहीतरी कोमट लागलं. घरापर्यंत मी खिशावर हात ठेवून बसलो. आईनं चड्डी धुताना विचारलं, मी म्हटलं कोंबडीचं होतं. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात रानपाखराचं अंडं फोडणं हीसुद्धा शिकारच धरली आहे, हे मला नोकरीत असताना, वनखात्याबरोबरच्या एका बैठकीत कळलं. समोर चहा होता. मी पुढची दहा मिनिटं काय बोललं गेलं ते ऐकलं नाही.

सोमवारी सरांनी सगळ्यांच्या वह्या तपासल्या. माझं चित्र बरं होतं. सर जरा वेळ वही हातात धरून उभे राहिले. "परत जाताना मी एकदा बघून आलो," म्हणाले. बस, एवढंच. मग 'अंडी ४' या ओळीवर लाल पेनानं बरोबरची खूण केली आणि वही माझ्या हातात दिली.

नववी-दहावीतही सहल नवेगावबांधलाच गेली. मी दोन्ही वेळा गेलो. सर दोन्ही वेळा डोंग्यात मला शेजारी बसवून घेत आणि दुर्बीण आधी माझ्या हातात देत. ते गेले त्या वर्षी मी नोकरीनिमित्त मराठवाड्यात होतो. कळलं तेव्हा तेरवी झाली होती.

ही वही मी स्मरणिकेच्या प्रदर्शनासाठी शाळेकडे पाठवत आहे. चित्र पुसट झालंय, लाल खूण ठळक आहे. ज्यांना बघायचं असेल त्यांनी तिसरं पान काढावं. तिथं अजून चारच लिहिलेली आहेत.